फिश टँकसाठी कोणता पाइप, कोणता नळ? घरच्या मत्स्यालयासाठी सुरक्षित प्लंबिंग साहित्य कसे निवडावे

टँक दोन वर्षे उत्तम चालू आहे. मासे धष्टपुष्ट, झाडे हिरवीगार, तळाशी लाल चेरी श्रिम्पची पिलावळ. पाणी बदलायला दर वेळी बादल्या उचलाव्या लागू नयेत म्हणून घरमालक प्लंबरला बोलावतो. भिंतीतल्या लाइनवरून एक जोड काढला जातो, चकचकीत नवा कॉक बसतो आणि टँकपर्यंत नळी येते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत श्रिम्प एकेक करून कमी होऊ लागतात. गोगलगायी कवचात शिरून बसतात. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसते. अमोनिया, नायट्राइट, पीएच सगळे तपासले जाते आणि सगळे ठीक निघते. संशय खाद्यावर जातो, औषधावर जातो, दुकानदारावर जातो. नव्या कॉकवर मात्र कोणाचा संशय जात नाही.

असे प्रकार मत्स्यालय पाळणाऱ्यांमध्ये वरचेवर घडतात. प्लंबिंगचे बहुतेक साहित्य माणसांच्या घरासाठी बनवलेले असते. माणूस त्या पाण्याचे चार-पाच ग्लास पितो, मासा चोवीस तास त्याच पाण्यात श्वास घेतो. पाइप, नळ, वायसर आणि चिकटवण्याचे सोल्युशन यांची निवड करताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

थोडक्यात उत्तर

• टँकच्या पाण्याशी सतत संबंध येणाऱ्या ठिकाणी तांबे, पितळ, जीआय आणि शिसे नको.
• पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले यूपीव्हीसी पाइप आणि फिटिंग हा सर्वात सोपा, स्वस्त आणि भरवशाचा पर्याय आहे.
• लवचिक नळी हवी असेल तर सिलिकॉनची किंवा फूड ग्रेड नळी घ्यावी.
• आट्यांवर फक्त पांढरी टेफ्लॉन टेप वापरावी. सूत आणि सफेदा नको.
• बुरशीरोधक सिलिकॉन टँकमध्ये कधीही वापरू नये.
• नवी जोडणी पूर्ण वाळवून आणि धुऊनच टँकला जोडावी.

प्रत्येक मुद्द्यामागचे कारण पुढे दिले आहे.

माणसाला चालते ते माशाला का चालत नाही?

पिण्याच्या पाण्यासाठी भारतात आयएस १०५०० हे मानक आहे. त्यात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट दिलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा २ मिलिग्रॅम आहे.

आता दुसरी बाजू. समुद्री माशांना परजीवींचा त्रास झाला की त्यांना वेगळ्या टँकमध्ये ठेवून तांब्याचे औषध देतात. त्याची नेहमीची मात्रा लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते. एवढ्या तांब्यात परजीवी मरतात आणि मासे बहुधा तग धरतात. प्रवाळ, श्रिम्प, खेकडे आणि शंख मात्र टिकत नाहीत. म्हणजे माणसाच्या पाण्याला दिलेली सवलतीची मर्यादा माशांच्या औषधाच्या मात्रेपेक्षा कितीतरी पट जास्त आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने समुद्री जलचरांसाठी सुचवलेली तांब्याची मर्यादा तर लिटरमागे सुमारे ३ ते ५ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग.

तांबे माशाच्या कल्ल्यांवर परिणाम करते. गोड्या पाण्यातला मासा शरीराला लागणारे सोडियम कल्ल्यांवाटे पाण्यातून ओढून घेत असतो. तांबे ही क्रिया रोखते. माशाच्या रक्तातले क्षार घटतात, तो सुस्त होतो, पृष्ठभागाजवळ येऊन धापा टाकतो.

श्रिम्पची गोष्ट आणखी वेगळी आहे. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त हिमोग्लोबिन करते, श्रिम्प आणि खेकड्यांच्या रक्तात तेच काम तांबेयुक्त हिमोसायनिन करते. त्यामुळे त्यांना किंचित तांबे लागतेच आणि ते खाद्यातून मिळते. पण पाण्यात विरघळलेले तांबे थोडे जरी वाढले तरी सर्वात आधी बळी जातात ते हेच जीव. टँकमध्ये मासे ठीक असून श्रिम्प आणि गोगलगायी मरत असतील तर तांब्याचा संशय आधी घ्यावा.

पितळेत ताक कळकते तसेच

धातू पाण्यात उतरतो कसा, हे स्वयंपाकघरात सर्वांनी ऐकलेले असते. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा आंबट वरण ठेवले की ते कळकते. आंबटपणामुळे धातू अन्नात उतरतो. भांड्यांना आतून कल्हई करत ती याचसाठी.

टँकमध्येही हेच घडते, फक्त सावकाश. पाणी जितके आम्ल आणि मृदू, तितका धातू लवकर सुटतो. धरणात साठलेले पावसाचे पाणी बहुधा मृदू असते. बोअरवेलचे पाणी क्षारांनी जड असते. जड पाण्यात पाइपच्या आत क्षारांचा थर बसतो आणि धातू काहीसा झाकला जातो. शिवाय पाण्यातले कॅल्शियम तांब्याचा विषारी परिणामही काही प्रमाणात कमी करते. म्हणून एकाच प्रकारचा पितळी नळ एका गावात वर्षानुवर्षे चालतो आणि दुसऱ्या गावात महिन्याभरात नुकसान करतो. ‘आमच्याकडे तर चालले’ हा अनुभव खरा असू शकतो, पण तो दुसऱ्याच्या पाण्याला लागू होईलच असे नाही.

आरओचे पाणी याबाबत सर्वात जास्त धोक्याचे आहे. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ते धातू सहज ओढून घेते. आरओचे पाणी टँकसाठी वापरायचे असेल तर ते साठवण्यापासून टँकमध्ये पोहोचेपर्यंत प्लास्टिकमधूनच न्यावे. खारे पाणी धातूला वेगळ्या मार्गाने खाते. त्यातले क्लोराइड धातूवर बारीक खड्डे पाडते आणि गंज वेगाने पसरतो.

कोणता धातू किती धोक्याचा?

तांबे: टँकच्या प्लंबिंगमध्ये त्याला जागा नाही. तांब्याची नळी, तांब्याची जाळी, बांधायला घेतलेली तांब्याची तार हे सगळे टाळावे.

पितळ: पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पितळी फिटिंगमध्ये घडण सोपी व्हावी म्हणून थोडे शिसेही मिसळलेले असू शकते. बाथरूममधले चकचकीत नळ आणि अँगल कॉक बहुधा पितळेचेच असतात, वर क्रोमियमचा मुलामा असतो. मुलामा बाहेरून असतो, पाणी आतून वाहते.

जीआय: लोखंडी पाइपावर जस्ताचा थर दिलेला असतो. जस्तही कल्ल्यांना घातक आहे. पिण्याच्या पाण्यात जस्ताची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम आहे, कारण माणसाला ते फारसे बाधत नाही. माशांना यापेक्षा खूप कमी जस्तही बाधू शकते. मृदू पाण्यात तर जास्तच.

शिसे: पाणवनस्पती तळाशी रोवण्यासाठी काही दुकानांत मऊ धातूची पट्टी गुंडाळून देतात. ती अनेकदा शिशाची असते. आम्ल पाण्यात शिसे विरघळते. झाड लावण्यापूर्वी ती पट्टी काढून टाकावी आणि झाड गुळगुळीत दगडाने दाबावे.

स्टेनलेस स्टील: गोड्या पाण्यात ३०४ दर्जाचे स्टील सहसा त्रास देत नाही. काही फिल्टरचे पाइप आणि जाळ्या याच स्टीलच्या असतात. ३१६ दर्जात मॉलिब्डेनम असल्यामुळे ते क्षाराला अधिक टिकते, पण समुद्री टँकमध्ये तेही कालांतराने गंजू शकते. खाऱ्या पाण्यात स्टीलचा एक स्क्रूदेखील नको.

अॅल्युमिनियम: पाण्याच्या आत वापरू नये. खाऱ्या पाण्यात ते लवकर पांढरे पडून झिजते.

प्लास्टिकमध्ये काय निवडावे?

यूपीव्हीसी: यातल्या ‘यू’चा अर्थ प्लास्टिसायझर न घातलेले, म्हणजे कडक पीव्हीसी. ते गंजत नाही, सहज कापता येते आणि जोड पक्का बसतो. साधारण ६० अंश सेल्सियसपर्यंत ते टिकते. टँकचे पाणी २४ ते ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे इथे काही अडचण नाही. घेताना पाइपावरचा मजकूर वाचावा. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाइपसाठी आयएस ४९८५ हा क्रमांक असतो. सांडपाण्याच्या पाइपसाठी आयएस १३५९२ असतो. दोन्ही पाइप रंगाने सारखे दिसू शकतात, म्हणून रंगावर न जाता क्रमांक पाहावा.

हा फरक का? पीव्हीसी उष्णतेने बिघडू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात. पूर्वी त्यासाठी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधील शिशाच्या स्टॅबिलायझरबाबत नियम केले. नवा, आयएसआय चिन्ह असलेला आणि ‘लेड फ्री’ लिहिलेला पाइप घेणे म्हणूनच शहाणपणाचे. गोदामात पडलेला जुना तुकडा किंवा बांधकामातून उरलेला विनाछापाचा पाइप फुकट मिळाला तरी टँकला लावू नये.

सीपीव्हीसी: फिकट पिवळसर रंगाचा हा पाइप गरम पाण्याच्या लाइनसाठी असतो आणि साधारण ९० अंशांपर्यंत टिकतो. त्याचे मानक आयएस १५७७८. टँकला चालतो, पण एवढ्या उष्णतेची तिथे गरज नसल्याने जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसीची सोल्युशन वेगळी असतात, एकाचे दुसऱ्याला लावू नये.

पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन: आरओ फिल्टरची पाव इंची पांढरी नळी पॉलिथिनची असते. पाणी भरण्यासाठी ती उत्तम. पिण्याच्या पाण्याचे एचडीपीई पाइपही सुरक्षित आहेत. मात्र या प्लास्टिकला सोल्युशन चिकटत नाही, दाबून बसणारे किंवा आट्यांचे जोड लागतात.

अॅक्रिलिक आणि काच: झाडांच्या टँकमध्ये पाणी घेणारे आणि सोडणारे वळणदार पारदर्शक पाइप काचेचे किंवा अॅक्रिलिकचे असतात. दोन्ही पाण्याला निर्धोक आहेत. काच धुताना फुटते एवढाच त्रास.

टाळण्यासारखे प्लास्टिक: विजेच्या वायरींसाठीचा कंड्युइट पाइप दिसायला पीव्हीसीच असतो आणि स्वस्तही. पण तो पाणी नेण्यासाठी बनवलेला नसतो. त्यात काय मिसळले आहे याची पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने कुणी खात्री दिलेली नसते.

लवचिक नळी: वास घेऊन पाहा

कडक पीव्हीसी मऊ करण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर घालतात. बागेच्या रंगीत नळीत ते भरपूर असतात. उन्हात पडलेल्या नळीचा जो उग्र वास येतो तो अशाच घटकांचा. टँकमधले पाणी बाहेर काढायला ती नळी चालेल, पण टँक भरायला किंवा फिल्टरला कायमची लावायला नको.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पारदर्शक ‘लेव्हल पाइप’ अनेक जण टँकचे पाणी उपसायला वापरतात. तेवढ्यापुरता तो ठीक आहे. कायमच्या जोडणीसाठी सिलिकॉनची, फूड ग्रेड छाप असलेली किंवा फिल्टर कंपनीचीच नळी घ्यावी. पारदर्शक नळीत प्रकाश शिरतो आणि शेवाळ जमते, म्हणून फिल्टरच्या नळ्या बहुधा हिरव्या किंवा राखाडी असतात.

झाडांच्या टँकला कार्बन डायऑक्साइड देणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. सिलिकॉन नळी हवेसाठी छान असली तरी तिच्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपून जातो. त्यासाठी पॉलियुरेथेनची नळी वापरतात.

नळी पंपावर घट्ट बसवायला लोखंडी क्लिप लावली जाते. पाण्याच्या शिडकाव्याने ती गंजते आणि गंजाचे थेंब टँकमध्ये पडतात. तिथे प्लास्टिकची क्लिप किंवा नायलॉनचा टाय लावावा.

जोड, टेप, सिलिकॉन, वायसर

सोल्युशन: प्लंबर ज्याला सोल्युशन म्हणतात ते सॉल्व्हेंट सिमेंट. ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. द्रावक उडून गेल्यावर जोड निर्धोक असतो, ओला असताना मात्र नाही. ज्या खोलीत टँक आहे तिथे हे काम करू नये. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्याबरोबर सोल्युशनची वाफही जाते. जोडकाम गॅलरीत करावे आणि आगीपासून दूर, कारण हे द्रावक लगेच पेट घेतात. जोड २४ तास वाळू द्यावा.

सोल्युशन थापून लावण्याने जोड अधिक पक्का होत नाही. जास्तीचे सोल्युशन आत ओघळते, तिथे उशिरा वाळते आणि पाण्यात उतरत राहते. दोन्ही बाजूंना पातळ, सारखा थर पुरेसा असतो.

टेफ्लॉन टेप: ही जवळजवळ कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही. आट्यांच्या दिशेने चार-पाच वेढे द्यावेत.

सूत आणि सफेदा: जीआयच्या आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावण्याची प्लंबरची जुनी पद्धत आहे. इमारतीच्या लाइनला ती ठीक असेल. टँकसाठी प्लंबरला आधीच स्पष्ट सांगावे, नाहीतर तो सवयीने तेच करून जाईल.

सिलिकॉन: काचेचा टँक ज्या सिलिकॉनने चिकटवतात ते वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते. वास पूर्ण गेला की ते निर्धोक होते, त्याला काही दिवस लागतात. ट्यूबवर ‘अँटी फंगल’, ‘मोल्ड रेझिस्टंट’ किंवा ‘सॅनिटरी’ लिहिलेले असेल तर ती बेसिन आणि बाथरूमसाठी आहे. तिच्यात बुरशी मारणारे द्रव्य असते आणि ते इतर जीवांनाही मारू शकते. मत्स्यालयासाठी असे स्पष्ट लिहिलेलीच ट्यूब घ्यावी.

वायसर आणि ओ-रिंग: सिलिकॉन किंवा ईपीडीएम रबर चांगले. जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापलेली वायसर हा आपल्याकडचा लोकप्रिय जुगाड आहे. टायरचे रबर कडक आणि टिकाऊ करताना त्यात जस्ताची संयुगे आणि इतर रसायने घातलेली असतात. पाच रुपयांची वायसर वाचवायला हा जुगाड करू नये.

लपलेला धातू कुठे असतो?

बहुतेक चुका इथे होतात. बाहेरून सगळे प्लास्टिक दिसते, आत धातू असतो.

१. पितळी आट्यांचा एल्बो आणि टी: भिंतीतून नळ काढण्यासाठी जे सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसीचे जोड वापरतात त्यांच्या आत पितळी आटे बसवलेले असतात. टँकसाठी पूर्ण प्लास्टिकच्या आट्यांचा जोड मागून घ्यावा.

२. बॉल व्हॉल्व्ह: बाहेरचे शरीर प्लास्टिकचे, आतला गोळा मात्र काही वेळा मुलामा दिलेल्या धातूचा. दुकानातच व्हॉल्व्ह अर्धवट फिरवून आत डोकावावे.

३. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह: त्यात स्टीलची स्प्रिंग असते. गोड्या पाण्यात चालून जाते, खाऱ्यात गंजते.

४. सबमर्सिबल पंप: आतला दांडा सिरॅमिकचा आहे का ते पाहावे. कूलरसाठीच्या स्वस्त पंपात तो साध्या स्टीलचा असू शकतो.

५. काच पुसायचे चुंबक: त्याचे आवरण तडकले की आतले चुंबक गंजते आणि धातू पाण्यात उतरतात. तडा दिसताच ते काढून टाकावे.

चुंबक लावून धातू ओळखण्याची युक्ती इथे अर्धवटच कामाला येते. लोखंड आणि जीआय त्याला चिकटतात. तांबे, पितळ आणि शिसे चिकटत नाहीत. चकचकीत नळाच्या आतल्या बाजूला टोकदार वस्तूने बारीक ओरखडा काढला की पितळेचा पिवळा रंग दिसतो. ही ओळख अधिक खात्रीची.

घरातली लाइनच धातूची असेल तर?

जुन्या इमारतीत संपूर्ण लाइन जीआयची असते. ती बदलणे शक्य नसते आणि त्यासाठी टँक बंद करण्याचीही गरज नाही. पाणी धातूच्या पाइपातून वाहून जाणे आणि त्यात रात्रभर साचून राहणे यांत मोठा फरक आहे. सकाळचे पहिले पाणी टँकला न वापरता लादी पुसायला, झाडांना घालायला भरून ठेवावे आणि दोन-तीन मिनिटांनी टँकसाठी बादली लावावी.

गिझरचे पाणी टँकसाठी घेऊ नये. अनेक गिझरमध्ये पाणी तापवणारी नळी किंवा आतली टाकी तांब्याची असते आणि गरम पाण्यात धातू अधिक सहज उतरतो. हिवाळ्यात पाणी बदलताना ते कोमट हवे असेल तर स्टीलच्या पातेल्यात थोडे तापवून मिसळावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, हे वेगळे सांगायला नको. पाइप कितीही चांगला असला तरी क्लोरीन घालवण्याची नेहमीची काळजी चुकत नाही.

जोडणी झाल्यावर लगेच टँकला लावू नका

नव्या पाइपात कापतानाचा भुसा, यंत्राचे तेल आणि हातांचा मळ असतो. क्रम असा ठेवावा:

• कापलेल्या कडा घासून आतला भुसा काढावा.
• साबण न लावता साध्या पाण्याने धुवावे.
• सोल्युशन लावून २४ तास वाळवावे.
• सगळी जोडणी बादलीतल्या किंवा टबातल्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवावी, पाणी एकदा बदलावे.
• त्या पाण्याला वास येतो का, वर तेलकट तवंग दिसतो का, ते पाहावे. दिसला तर पुन्हा धुऊन पुन्हा बुडवावे.
• टँकला जोडण्यापूर्वी एकदा बाहेरच पाणी फिरवून गळती तपासावी.

काचेला भोक पाडून टँक निपल बसवायचे असेल तर काच टफन्ड नाही याची आधी खात्री करावी. टफन्ड काचेला ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. टँक निपलची वायसर पाण्याच्या बाजूला, कॉलरखाली बसवावी. नट हाताने घट्ट करून वर जेमतेम पाव फेरा द्यावा. पाना लावून आवळले की प्लास्टिक किंवा काच तडकते.

वीज गेली तर पाणी कुठे जाईल?

साहित्य निर्धोक असले तरी जोडणी चुकीची असेल तर घरात पूर येतो. टँकच्या खाली सम्प असेल तर पंप वरती पाणी चढवतो. वीज गेली की तेच पाणी उलटे खाली येते. वर पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड जितके खोल, तितके पाणी खाली उतरते. म्हणून ते तोंड पृष्ठभागाजवळ ठेवावे आणि पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपाला ३-४ मिलिमीटरचे भोक पाडावे. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. हे भोक शेवाळाने बुजते, महिन्यातून एकदा साफ करावे. सम्पमध्ये तेवढे पाणी मावेल इतकी जागा नेहमी रिकामी असावी.

हे सगळे तपासायला वीज जाण्याची वाट पाहू नये. जोडणी झाल्या दिवशीच पंपाचे बटण बंद करून पाणी कुठे थांबते ते समोर उभे राहून पाहावे.

वायरला प्लगच्या खाली एक लोंबता झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळेल. घरात आरसीसीबी असेल तर टँकचे सगळे प्लग त्याच्या संरक्षणाखाली असावेत.

चूक झालीच असेल तर?

श्रिम्प अचानक मरू लागले आणि नुकतेच प्लंबिंगचे काम झाले असेल तर आधी तो भाग काढावा. उरलेले श्रिम्प आणि गोगलगायी खात्रीच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्यात हलवाव्यात. नवे पाणी त्याच नळातून येणार असेल तर ते घालू नये. दुसऱ्या स्रोताचे पाणी घेऊन दररोज साधारण पाव टँक बदलत जावे. फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा घालावा. धातू बांधून ठेवणारे वॉटर कंडिशनर तात्पुरती मदत करतात. तांबे मोजण्याचा टेस्ट किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो.

पाणी स्वच्छ झाले म्हणून काम संपले असे मात्र नाही. तांबे वाळूत, दगडांत आणि स्पंजात मुरते आणि नंतर हळूहळू सुटत राहते. श्रिम्प परत आणण्यापूर्वी काही आठवडे थांबून पुन्हा चाचणी करावी.

आणखी एक शक्यता तपासावी. शेवाळ किंवा गोगलगायी मारण्याच्या अनेक औषधांत तांबेच असते. पाइप निर्दोष असेल आणि बाटली दोषी असेल, असेही होते.

नेहमीचे तीन समज

‘तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्याला चांगले, मग माशांना का नाही?’ माणूस ते पाणी पितो, पोटातून गेलेले जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. माशाच्या बाबतीत तांबे थेट कल्ल्यांना भिडते आणि दिवसभर भिडत राहते.

‘पाणी स्वच्छ आहे, म्हणजे सुरक्षित आहे.’ विरघळलेले तांबे आणि जस्त घातक प्रमाणात असले तरी पाण्याला रंग येईलच असे नाही, वास तर येतच नाही.

‘महाग फिटिंग म्हणजे चांगले फिटिंग.’ बाथरूमचा सर्वात महाग नळ पितळेचा असतो. टँकसाठी साधा प्लास्टिकचा कॉक त्याहून चांगला.

दुकानात जाताना सोबत न्यायची यादी

आयएस ४९८५ आणि लेड फ्री छापाचा यूपीव्हीसी पाइप. पूर्ण प्लास्टिकचे एल्बो, टी आणि युनियन. आत प्लास्टिकचाच गोळा असलेला बॉल व्हॉल्व्ह. सिलिकॉन वायसरचे टँक निपल. त्याच पाइपाचे सोल्युशन. टेफ्लॉन टेप. फूड ग्रेड नळी आणि नायलॉनचे टाय.

या यादीत महागडे काही नाही. दुकानदार ‘पितळी घ्या, जन्मभर टिकेल’ असे हमखास म्हणेल. तो भिंतीतल्या नळाचा विचार करत असतो आणि त्याचे म्हणणे तिथे खोटे नाही. या खरेदीत प्रश्न नळ किती वर्षे टिकेल याचा नसून टँकमधले जीव टिकतील का याचा आहे, एवढे लक्षात ठेवून प्लास्टिकचाच मागावा.